मोरीतली मिश्रीची डबी: सवय बदलण्याची घरगुती रीत

सासूबाईंची मिश्रीची डबी मोरीच्या खिडकीत असायची. पितळेची, झाकणाला पोचा आलेली. पहाटे उठून त्या तांब्यात पाणी घ्यायच्या आणि डोळे नीट उघडायच्या आत उजवा हात खिडकीत जायचा. बोट डबीत, मग दातांवर. चाळीसएक वर्षांचा नेम. एकदा दिवाळीआधी मोरी रंगवायला काढली, तेव्हा रंगाऱ्यानं खिडकीतलं सगळं उचलून माळ्यावर टाकलं. दुसऱ्या दिवशी पहाटे मी चहा टाकत होते, म्हणून पुढचं बघायला मिळालं. त्यांचा हात खिडकीत गेला, रिकाम्या फळीवर दोनदा चाचपडला आणि परत आला. त्यांनी चूळ भरली, तोंड धुतलं आणि फुलं काढायला निघून गेल्या. साडेनऊला म्हणाल्या, "अगं, आज मिश्री लावायचीच राहिली की!"

दुपारी मात्र डोकं दुखायला लागलं, चिडचिड सुरू झाली आणि संध्याकाळी डबी माळ्यावरून खाली आली. मिश्री म्हणजे शेवटी तव्यावर भाजून कुटलेली तंबाखूच, तिच्यातल्या निकोटिननं आपला वसूल केलाच. पण पहाटेचा तो हात निकोटिनकडे जात नव्हता, खिडकीकडे जात होता. या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. त्या वेगळ्या ओळखता आल्या तर निम्मं काम हलकं होतं. साताऱ्यातल्या शाळेत मी तीस वर्षं विज्ञान शिकवलं, मेंदूची आकृती फळ्यावर किती वेळा काढली असेल देव जाणे. तरी 'मनावर घेतलं की सवय सुटते' असं मीही मुलांना ऐकवायचे. आता नाही ऐकवत.

पुढचं सगळं आमच्या घरात तीन माणसांवर करून बघितलेलं आहे: सासूबाईंची मिश्री, यांची तंबाखू आणि माझं फरसाण, फोन व न होणारं चालणं.

मेंदू काटकसरी का असतो

मोठ्या माणसाचा मेंदू भरतो साधारण 1.3 ते 1.4 किलो, म्हणजे वजनाच्या जेमतेम 2 टक्के. पण आपण नुसते बसून असलो तरी शरीराच्या ऊर्जेतला जवळपास 20 टक्के वाटा एकटा खातो. इतक्या खर्चिक माणसाला घरात काटकसर करावीच लागते. कपाळामागचा भाग विचार करतो, तुलना करतो, 'नको' म्हणतो, पण त्याला एका वेळी फार कामं झेपत नाहीत. म्हणून एकच काम त्याच जागी, त्याच वेळी वारंवार झालं की मेंदू ते आतल्या बेसल गँग्लिया नावाच्या भागाकडे सोपवतो. अमेरिकेतल्या एमआयटीमध्ये अ‍ॅन ग्रेबिएल यांनी चॉकलेटसाठी वाट शोधणाऱ्या उंदरांच्या मेंदूत हे पाहिलं. वाट नवी असताना या भागातल्या पेशी सगळ्या रस्ताभर जाग्या असायच्या. सवय झाल्यावर त्या फक्त सुरुवातीला आणि शेवटी चमकायच्या, मध्ये शांत. सुरुवातीची खूण मिळाली की पुढचं सगळं एका दमात, न विचारता.

साताऱ्यात हे सगळ्यांनी अनुभवलंय. पोवई नाक्यावर ग्रेड सेपरेटर, म्हणजे खालून जाणारा रस्ता, सुरू झाला, तरी कित्येक दिवस माझी स्कूटर जुन्या वरच्या रस्त्यानंच जायची. उतार मागे पडल्यावर लक्षात यायचं, की अरेच्चा, आता खालून जायचं होतं! वेंडी वुड या संशोधक बाईंनी 2002 साली लोकांना दिवसभर दर तासाला नोंदी ठेवायला लावल्या होत्या. त्यात साधारण 43 टक्के कृती अशा निघाल्या, ज्या लोक रोज करत होते आणि करताना बहुधा मन दुसरीकडेच होतं.

आमच्या आळीत एक आजी आहेत. नातवाचं नाव त्यांना आता आठवत नाही, दोनदा जेवतात. पण सकाळी तुळशीला पाणी, हळदकुंकू, प्रदक्षिणा, यात एकही पायरी चुकत नाही. आठवणींची कोठी आणि सवयींची कोठी मेंदूत वेगवेगळ्या आहेत. 1953 साली अपस्मारासाठी शस्त्रक्रिया झालेल्या एका अमेरिकन तरुणाची नव्या आठवणी साठवण्याची शक्तीच गेली होती. ब्रेंडा मिल्नर यांनी त्याला आरशात बघून चांदणी गिरवायला दिली. रोज त्याचा हात सुधारत गेला, आणि रोज तो म्हणायचा की हे मी पहिल्यांदाच करतोय.

म्हणूनच सवयीला उपदेश ऐकू येत नाही. तिला जागा, वेळ आणि हातातली वस्तू एवढंच कळतं. तिच्याशी त्याच भाषेत बोलायला हवं.

पहिली पायरी: आठवडाभर काही बदलू नका, नुसतं लिहा

पाठकोरा कागद चालेल. जी सवय मोडायची आहे ती झाली की पाच गोष्टी टिपायच्या: किती वाजले, कुठे होतो, त्याआधी नेमकं काय करत होतो, सोबत कोण होतं, मन कसं होतं. उपदेश लिहायचा नाही, 'आज पुन्हा चुकले' वगैरे तर मुळीच नाही.

माझ्या वहीत सहा दिवस एकच ओळ आली: पावणेसहा, ओट्यापाशी, दूध तापत ठेवलेलं, एकटी, कंटाळा. मला वाटायचं, संध्याकाळी भूक लागते म्हणून मी फरसाण खाते. भूक कुठली! दूध वर यायला सात-आठ मिनिटं लागतात, उतू जाईल म्हणून हलता येत नाही आणि फरसाणाचा डबा हाताच्या अंतरावर. माझी सवय फरसाणाची नव्हतीच, दुधाची होती. हे कळायला मला वही लागली, हे सांगताना थोडी लाजही वाटते.

आठवडा झाला की पाचपैकी कोणता रकाना सारखा एकच येतोय ते बघा. वेळ सारखी असेल तर घड्याळ ही खूण, माणूस सारखा असेल तर ती संगत. मन सारखं असेल, म्हणजे दर वेळी राग किंवा उदासी, तर गाठ जरा खोल आहे. त्याबद्दल शेवटी बोलू.

दुसरी पायरी: खूण हलवा

सगळ्यात जास्त फळ मला इथे मिळालं, म्हणून इथे जास्त थांबते.

1971च्या सुमाराला व्हिएतनाममधून परतणाऱ्या अमेरिकन सैनिकांची ली रॉबिन्स यांनी पाहणी केली. तिथे असताना जवळपास पाचातल्या एकाला हेरॉइनचं व्यसन लागलं होतं. सगळे धास्तावले होते. पण घरी परतल्यावर पहिल्या वर्षात त्या व्यसनी सैनिकांपैकी पुन्हा व्यसनात अडकलेले शंभरात पाचच्या आसपास. हेरॉइनसारखी वस्तू! त्यांचं जंगल, तळ, सोबती, भीती, सगळं मागे राहिलं होतं. अर्थात जागा बदलली की सगळीच व्यसनं सुटतात असा याचा अर्थ नाही. पण जागेला केवढं वजन आहे ते कळतं.

आपल्याला घर बदलायचं नाही, फळी बदलायची आहे.

फरसाणाचा डबा मी माळ्यावर, चकलीच्या सोऱ्यामागे ठेवला. खायला बंदी नाही, फक्त स्टूल घ्यावं लागेल. दूध तापेपर्यंत उद्याच्या शेंगा सोलायच्या, म्हणून ओट्यावर शेंगांचं ताट. सुरुवातीचे तीन-चार दिवस हात त्या जुन्या जागी गेला, अगदी सासूबाईंसारखा. मग नाही गेला. महिन्याभरात फरसाण दोनदाच खाल्लं, तेही पाहुणे आले म्हणून.

फोनचं तसंच. तो उशाशी चार्ज होत असे. रात्री अकराला 'पाच मिनिटं' म्हणून हातात घ्यायचा आणि साडेबारा वाजायचे. चार्जर स्वयंपाकघरात नेला. 'गजर कसा लावणार?' ही सबब उरू नये म्हणून राजवाड्याजवळून गजराचं साधं घड्याळ आणलं. टिकटिक फार करतं, पण त्यावर बोट फिरवून काही बघता येत नाही.

हीच युक्ती उलटी वापरा. जे व्हायला हवं ते वाटेत आणून ठेवा. सासूबाईंची रक्तदाबाची गोळी दिवसाआड विसरायची. औषधांची पिशवी कपाटात होती, आणि कपाट काही रोज सकाळी उघडत नाही. चहा-साखरेचे डबे मात्र उघडतात. गोळीचं पाकीट चहाच्या डब्याशेजारी आलं, तेव्हापासून विसर जवळजवळ नाही. चालायचे बूट माळ्यावरून खाली, दाराच्या उंबऱ्याशी. पाण्याचा तांब्या भरून टेबलावर. यात शहाणपण काहीच नाही, निव्वळ हमाली आहे.

तिसरी पायरी: नवं काम जुन्याच्या शेपटीला बांधा

'उद्यापासून चालायचं' हे वाक्य मेंदूला पकडता येत नाही, त्याला खूण नाही. पीटर गोल्विट्झर या मानसशास्त्रज्ञानं 1990च्या दशकात दाखवून दिलं की 'अमुक झालं की तमुक करीन' असं जागा-वेळेसकट ठरवलेलं काम पार पडण्याची शक्यता बरीच जास्त असते. माझं वाक्य असं होतं: दूधवाला गेला की बूट घालायचे. घड्याळाला मी फसवू शकते, दूधवाल्याला नाही. त्याची बरणी दारात वाजतेच.

आणि काम लहान ठेवा. पहिल्याच दिवशी अजिंक्यतारा चढायला निघू नका. मी एका पाडव्याला तसं केलं होतं. मंगळाईच्या देवळापर्यंत धापा टाकत गेले, दुसऱ्या दिवशी पोटऱ्या धरल्या आणि बूट माळ्यावर गेले ते वर्षभर तिथेच. या खेपेला पहिले दोन आठवडे फक्त कोपऱ्यापर्यंत जाऊन परत. शेजारीण हसली. हसू दे. त्या दोन आठवड्यांत मी व्यायाम करत नव्हते, दूधवाला आणि बूट यांची गाठ मारत होते. गाठ बसल्यावर अंतर आपोआप वाढलं. आता अजिंक्यताऱ्याजवळच्या 'चार भिंती' या स्मारकापर्यंतचा चढ रोजचा आहे. वरून धुकं उतरताना खालचं शहर बघायला मिळतं, तो नफा वेगळा.

साताऱ्यात राहून पावसाचा विचार आधी न करणं म्हणजे जूनमध्ये सवय मोडणं. म्हणून दुसरं वाक्यही तयार हवं: 'पाऊस असेल तर जिना, दहा फेऱ्या.' ते आधीच ठरलेलं असलं की पहाटे गोधडीत पडून मनाशी वाटाघाटी होत नाहीत.

चौथी पायरी: बक्षीस लगेच

कंदी पेढ्याचा पुडा घरात आला की तोंडाला पाणी केव्हा सुटतं? पेढा जिभेवर ठेवल्यावर नाही, दोरा सोडतानाच. वोल्फ्राम शुल्ट्झ यांनी 1990च्या दशकात माकडांच्या मेंदूत हेच मोजलं. रसाचा थेंब अनपेक्षित मिळाला की डोपामिनच्या पेशी चमकायच्या. दिवा लागला की रस मिळतो हे माकडाला कळल्यावर त्या दिव्यालाच चमकू लागल्या, रसाला नाही. आणि दिवा लागूनही रस आला नाही, तर नेमक्या त्या क्षणी त्यांचा वेग कमी व्हायचा. डोपामिनला सगळे 'आनंदाचं रसायन' म्हणतात, मला ते 'अपेक्षेचा हिशेबनीस' वाटतं. फोन याच हिशेबनिसाला नादी लावतो. काय येईल, कधी येईल, नक्की नाही, म्हणून पुन्हा पुन्हा बघायचं.

चालण्याचा खरा फायदा सहा महिन्यांनी रक्ताच्या रिपोर्टात दिसणार. हिशेबनीस इतकी उधारी ठेवत नाही. त्याला आजचं आज काहीतरी द्या. मी उतरताना बहिणीला फोन करते, फक्त तेव्हाच. घरी आले की गवती चहा घातलेला चहा, आणि कालनिर्णयवर त्या तारखेला पेनानं टिंब. टिंबानं काय होतं, असं हे म्हणायचे. नंतर त्यांच्याच तंबाखूची टिंबं शेजारी यायला लागली. चालून झाल्यावर बक्षीस म्हणून वडापाव मात्र नको. असे लोक मी बघितले आहेत, नावं घेत नाही.

किती दिवस?

'21 दिवसांत सवय लागते' हे सगळीकडे ऐकू येतं. मूळ गोष्ट 1960 सालातल्या एका अमेरिकन प्लास्टिक सर्जनची आहे. त्याला दिसलं की रुग्णांना नव्या चेहऱ्याची सवय व्हायला 'किमान' 21 दिवस लागतात. 'किमान' गळालं, चेहराही गळाला, आकडा उरला.

लंडनमध्ये फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी 96 लोकांना 84 दिवस एक नवी सवय लावायला सांगितली. काम अंगवळणी पडायला मधला आकडा निघाला 66 दिवस. सगळ्यात लवकर 18, सगळ्यात उशिरा 254, हा शेवटचा आकडा अर्थातच गणितानं पुढे काढलेला. आपल्या हिशेबात सांगते. गुढीपाडव्याला सुरू केलं आणि अधिक महिना मध्ये आला नाही, तर कुणाचं हनुमान जयंती उलटली की जमेल, बऱ्याच जणांचं वटपौर्णिमेच्या सुमाराला आणि कुणाचं मार्गशीर्षातले गुरुवार यावे लागतील. पाणी पिण्यासारखी सवय लवकर बसते, व्यायामाची उशिरा. त्यातली सगळ्यात दिलासा देणारी गोष्ट म्हणजे एखादा दिवस चुकला तरी फारसं बिघडलं नाही. आषाढातल्या झडीत माझे चार दिवस गेले. पाचव्या दिवशी दूधवाला आला, बूट घातले.

तंबाखूसारखी तलफ असेल तर

इथे फळी हलवून भागत नाही, कारण शरीरही मागत असतं. हे एमआयडीसीत कामाला, पाळी बदलती. बार भरायच्या यांच्या ठरलेल्या जागा वहीत निघाल्या: पाळी सुटताना गेटवर, जेवणानंतर आणि मशीन थांबली की. चुना लावून तळहातावर मळणं, दोन थापट्या मारून धूळ उडवणं, चिमूट ओठाखाली, हा सगळा सोहळाच हातात बसलेला.

यांनी तारीख ठरवून एकदम सोडली. पहिले तीन दिवस सगळ्यात वाईट, निकोटिन सुटतानाचा त्रास तेव्हा टोकाला असतो. झोप नाही, राग नाकावर. दोन ते चार आठवड्यांत तो ओसरतो. एकेक तलफ मात्र काही मिनिटांचीच असते, ती लाटेसारखी चढून उतरते. त्या मिनिटांसाठी हाताला काम हवं. खिशात चुन्याच्या डबीऐवजी धनाडाळीची डबी आली. हे धनाडाळसुद्धा तळहातावर मळायचे आणि थापटी मारायचे! गेटवरचे सोबती आधी हसले, मग मागायला लागले. गेटवर थांबायचं मात्र पहिला महिना यांनी टाळलं.

एकट्यानं जमत नसेल तर 1800-11-2356 ही राष्ट्रीय तंबाखूमुक्ती सेवा फुकट आहे. निकोटिनच्या गोळ्या किंवा च्युइंगगम डॉक्टरांना विचारून घ्या. दारूचं वेगळं आहे. रोज भरपूर पिणाऱ्यानं घरच्या घरी एकदम बंद करू नये. झटके येऊ शकतात, जिवावर बेतू शकतं. तिथे आधी डॉक्टर.

झोप

झोप अपुरी असली की वरच्या सगळ्या पायऱ्या निसरड्या होतात. 'नको' म्हणणारा कपाळामागचा भाग आधी थकतो, भूकही वाढते. चहातलं कॅफिन निम्मं उतरायला साधारण 5 तास लागतात, माणसागणिक कमी-जास्त. म्हणजे संध्याकाळी सहाच्या चहातलं निम्मं कॅफिन रात्री अकराला अजून अंगात. आमच्याकडे शेवटचा चहा आता चारला.

मेंदूतलं घड्याळ डोळ्यांच्या नसा एकमेकींना ओलांडतात त्याच्या अगदी वर असतं आणि प्रकाशावर चालतं. पेशींच्या आत हे घड्याळ कसं चालतं, ते शोधणाऱ्या तिघांना 2017चं नोबेल मिळालं. उठल्यावर बाहेरचा उजेड डोळ्यांवर घ्या, रात्री दिवे मंद करा. यांची रात्रपाळी असली की सकाळी येताना काळा चष्मा, घरी आल्यावर खिडकीला जाड चादर आणि दाराची बेल बंद. तरी पाळी बदलली की दोन दिवस घर बिघडतंच.

मनाचा रकाना सारखा एकच येत असेल तर

ताणात मेंदू जुन्या वाटेला लवकर लागतो. अशा वेळी दोन-तीन मिनिटं सावकाश श्वास, बाहेर सोडायचा तो घेतल्यापेक्षा लांब, मिनिटाला सहाएक श्वास होतील असा. त्यानं हृदयाची गती थोडी शांत होते. पण दोन आठवड्यांहून जास्त उदास वाटत असेल, कशातच मन लागत नसेल, झोप-भूक बिघडली असेल, तर ती सवयीची गोष्ट नाही. डॉक्टरांकडे जा किंवा टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य सेवेच्या 14416 वर बोला, मराठीत बोलता येतं. घोरताना श्वास अडकतो असं घरचे सांगत असतील, तर तेही दाखवून घ्या.

सासूबाईंची मिश्री दिवसातून चारदा होती. आधी दुपारची सुटली, मग चारची, मग रात्रीची. पहाटेची सगळ्यात शेवटी. एकूण आठ महिने. मी डबी फेकून देणार होते, त्यांनी देऊ दिली नाही. घासून, उन्हात वाळवून त्यात लवंगा भरल्या आणि डबी परत खिडकीत ठेवली. मध्ये पंधरा दिवस नणंदेकडे कऱ्हाडला गेल्या. तिथे मोरीच्या फळीवर शेजारणीची मिश्री होती आणि पहिल्याच पहाटे बोट डबीत गेलं. फोनवर रडवेल्या झाल्या होत्या. घरी आल्या त्या रात्री आम्ही काहीच बोललो नाही. पहाटे मी चहा टाकत होते. तांब्यात पाणी पडल्याचा आवाज आला, मग झाकणाचा, मग लवंग दाताखाली फुटल्याचा.